दिवाळीत तब्येत बिघडू नये म्हणून : पंधरा दिवस आधीपासून भाऊबिजेनंतरपर्यंतचा क्रम

दिवाळीत तब्येत सांभाळायची म्हटलं की बहुतेक घरांत विचार सुरू होतो तो फराळाची बशी हातात आल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो. डबे भरलेले असतात, तेल तीनदा तापलेलं असतं, आजोबांच्या गोळ्यांचं पाकीट संपत आलेलं असतं आणि डॉक्टर गावाला गेलेले असतात. मग उरतं ते फक्त "कमी खा" असं एकमेकांना सांगणं, आणि त्याचा उपयोग किती होतो हे आपण दरवर्षी बघतोच.

म्हणून हा लेख तारखांच्या क्रमाने लिहिला आहे. आधीचे टप्पे नीट झाले तर पुढे मन मारावं लागत नाही. घरात मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा लहान मूल असेल तर पहिला टप्पा अजिबात गाळू नका.

## टप्पा १ : पंधरा दिवस आधी औषधं आणि डॉक्टर

१. घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्या मोजा. भाऊबिजेनंतर आणखी दहा दिवस पुरतील एवढा साठा हवा. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला दुकान उघडं सापडलं, तरी नेमकी तीच गोळी तिथे असेलच असं नाही.

२. मधुमेह असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर आत्ताच तपासा. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून तीन महिने होऊन गेले असतील तर तीही करून घ्या. ग्लुकोमीटरचा सेल चालतो का, पट्ट्यांची मुदत संपली नाही ना, हेही बघा.

३. डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "सणात जेवणाच्या वेळा पुढे-मागे झाल्या, तर गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं?" उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. हे उत्तर प्रत्येकाच्या औषधाप्रमाणे बदलतं, म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला इथे चालत नाही.

४. दम्याच्या रुग्णाचे दोन्ही इन्हेलर तपासा: रोज घ्यायचा आणि त्रास झाल्यावर लगेच आराम देणारा. रोजचा, आजार आटोक्यात ठेवणारा इन्हेलर "सध्या त्रास नाही" म्हणून बंद केलेला असतो. त्याचा परिणाम हळूहळू साठत जातो, त्यामुळे धूर सुरू झाल्यावर तो घेऊन त्या रात्री फायदा होत नाही. डॉक्टरांना विचारून तो आत्ताच पुन्हा नियमित सुरू करा.

तपासा : १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि सुट्टीतही उघडं असणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे का? मुलांनाही तो माहीत हवा.

नेहमीची चूक : "आता कशाला तपासायचं, दिवाळी झाल्यावर बघू." साखर आधीच वाढलेली असेल तर ते फराळाच्या आधी कळायला हवं.

## टप्पा २ : साफसफाई

माळा आणि पुस्तकांची कपाटं झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. दम्याच्या माणसाला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर ठेवा. पंख्यासाठी घडीची शिडी वापरा आणि खाली धरायला एक माणूस उभा ठेवा. खुर्चीवर स्टूल चढवून जाळ्या काढणं थांबवायलाच हवं.

धोका : संडास-बाथरूम लख्ख व्हावं म्हणून ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये श्वास कोंडतो. एका दिवशी एकच वापरा, भरपूर पाणी ओता, खिडकी उघडी ठेवा.

## टप्पा ३ : आठ दिवस आधी फराळाचा हिशेब

किती खायचं याचा खरा निर्णय इथे होतो. घरात पाच किलो चिवडा असेल तर तो तुळशीच्या लग्नापर्यंत रोज संपवला जातो. त्याला खाण्याची हौस म्हणता येत नाही, तो फक्त संपवण्याचा उद्योग असतो.

१. आधी माणसं मोजा. घरातली, येणारी आणि ज्यांच्याकडे डबा जाणार ती. यादी झाली की मगच वाणसामान. "दरवर्षी एवढंच करतो" हे प्रमाण बहुधा एकत्र कुटुंबाच्या काळातलं असतं.

२. पदार्थ कमी निवडा. घरी चार पदार्थ करा आणि उरलेले शेजारच्यांशी किंवा बहिणीशी वाटून घ्या. प्रत्येक घराने सगळं करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

३. साखर कुठे कमी होते आणि कुठे नाही, हे समजून घ्या. बेसनाच्या लाडवाला बांधतं ते तूप, त्यामुळे पिठीसाखर कमी केली तरी लाडू वळतात. शंकरपाळ्यांतही कमी चालते. पाकातल्या रव्याच्या लाडवांना मात्र पाकच धरून ठेवतो. तिथे साखर कमी केलीत तर लाडू बिघडतील, म्हणून तो लाडू आकारानेच लहान वळा.

४. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ मधुमेहींना चालतो, हा समज सोडा. गूळही रक्तातली साखर वाढवतो. "शुगर फ्री" मिठाईतही खवा, मैदा आणि तूप असतंच.

५. सुकं खोबरं आणि शेंगदाणे बेताचे आणा, चावून बघून आणा. खोबऱ्याचा एक खवट तुकडा सगळ्या चिवड्याला वास लावतो.

६. खवा विकत घेताना थोडा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च मिसळलेलं आहे. तपासलेला खवा फेकून द्या. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. तारीख दिसत नसेल तर विचारा.

क्रम : चिवडा, शेव आणि शंकरपाळे आधी. मग लाडू. मग चकली. ओल्या नारळाची करंजी अगदी शेवटी, कारण ती बाहेर टिकत नाही. त्याच दिवशी खायची किंवा लगेच फ्रिजमध्ये ठेवायची. अनारसे करायचे असतील तर तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवावे लागतात, तेव्हा त्याची सुरुवात या सगळ्याच्याही आधी.

## टप्पा ४ : तळण

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चवीवरून लगेच कळत नाहीत. जास्त तेल प्यायलेली चकली खमंगच लागते.

१. कढई लहान आणि खोल घ्या, म्हणजे तेल कमी लागतं आणि शेवटी उरतंही कमी.

२. तेलाचा ताव बघा. पिठाचा बोराएवढा गोळा सोडा. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. सोडताच काळपट झाला तर फार तापलं आहे. तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आला तर ताव बरोबर. गार तेलात पदार्थ तेल पितो, मऊ राहतो, म्हणून पुन्हा तळला जातो, आणि पुन्हा तेल पितो.

३. एका वेळी थोडेच पदार्थ सोडा. कढई भरली की ताव उतरतो. दोन घाण्यांमध्ये अर्धा मिनिट थांबा.

४. प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने तळाचा चुरा काढा. तेल काळं पडतं ते मुख्यतः या जळलेल्या चुऱ्यामुळे.

५. एकाच तेलात सगळं तळणार असाल तर पीठ न सांडणारे पदार्थ आधी: शंकरपाळे, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या. मसाला आणि तीळ सोडणारी चकली नंतर. उलटा क्रम लावला की करंजी काळपट होते, मग आपण तेल बदलतो किंवा तशीच खातो.

६. निथळायला वर्तमानपत्र वापरू नका. गरम तेलात छपाईची शाई उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआय याबद्दल वारंवार सांगत आलं आहे. स्टीलची चाळणी आणि खाली ताट, किंवा कोरा टिशू.

७. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. आत वाफ धरली की चकली मऊ पडते आणि लाडवाला बुरशी येते.

आता उरलेलं तेल. तळण झाल्यावर ते पुन्हा बाटलीत ओतून वर नवं तेल घालायचं, ही सवय मोडा. तापत राहिलेल्या तेलात अपायकारक घटक वाढत जातात. एफएसएसएआयने त्यांतल्या ध्रुवीय घटकांची (तेल तापून विघटित झाल्यावर बनणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून डोळ्यांनी ठरवा: तेल गडद झालं, दाट झालं, वर फेस धरू लागलं किंवा लवकर धूर सोडू लागलं, तर ते संपलं. यातलं काही नसेल तर गाळून झाकून ठेवा, दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला वापरा आणि पुन्हा तळणाला घेऊ नका. टाकायचं तेल बाटलीत बंद करून कचऱ्यात द्या, मोरीत ओतू नका.

धोका : कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकू नका. गॅस बंद करा, वर मोठं ताट झाका, कढई हलवू नका. तळणाच्या वेळी अंगावर सुती कपडे हवेत, ओढणी-पदर खोचलेला हवा आणि लहान मुलं स्वयंपाकघराबाहेर हवीत.

## टप्पा ५ : अभ्यंगस्नानाची पहाट

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातले पाच-सहा जण एकामागून एक आंघोळ करतात, थंडी म्हणून बाथरूमची खिडकी बंद असते आणि आत गॅस गीझर सतत चालू असतो. यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं आणि माणूस आतच कोसळतो.

१. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी असावा. आतच असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळ करा. खिडकी उघडीच ठेवा.

२. दोन आंघोळींच्या मध्ये थोडा वेळ दार उघडं ठेवा. कडी लावू नका, विशेषतः ज्येष्ठांनी.

३. तेलाचं मालीश बाहेर, चटईवर करा. बाथरूमची फरशी प्रत्येकानंतर साबणाच्या पाण्याने घासा. तेलकट फरशीवरून घसरून म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पुढचे कित्येक महिने त्यात जातात.

४. बाळाला किंवा नाजूक त्वचेच्या माणसाला नवं उटणं लावण्याआधी आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा.

तपासा : थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन पुढे अर्धा ते एक तास काही खायचं नसतं. पहाटे उठल्या उठल्या ती घ्या, म्हणजे फराळापर्यंत वेळ भरतो. एरवी ती याच दिवशी विसरली जाते.

## टप्पा ६ : फराळाची बशी

एक छोटा चमचा तेल म्हणजे साधारण ४० किलोकॅलरी. चकली-करंजीत ते दिसत नाही, म्हणून पोट भरल्यासारखं वाटण्याआधीच खूप खाल्लं जातं. यावर उपाशी राहणं हा उपाय नाही. खाण्याचा क्रम बदला.

१. अभ्यंगानंतर रिकाम्या पोटी लाडू आणि चहा नको. आधी वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, हवं तर ताक. मग फराळ. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की साखर झपाट्याने चढत नाही.

२. बशीत एक गोड, दोन तिखट. बशी भरून टेबलावरून उठा, डबे आत ठेवा. माझ्या मते सगळ्यांत फसवा पदार्थ चिवडा आहे. लाडू आपण मोजतो, चिवड्याची मूठ कुणी मोजत नाही. तो नेहमी वाटीत घ्या.

३. त्या दिवशीचं जेवण साधं ठेवा: भाकरी, पालेभाजी, वरण. फराळ आणि वर श्रीखंड-पुरी, हे एका दिवसात नको.

४. रक्तदाब असेल तर गोडापेक्षा खाऱ्याकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचा. चिवडा, शेव, चकली आणि वर पापड-लोणचं अशा दिवशी ते सहज ओलांडलं जातं. जेवणातलं लोणचं-पापड या पाच दिवसांत बंद ठेवा.

५. जेवणानंतर लगेच आडवं होऊ नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, घरातल्या घरात का होईना. पाणी पीत राहा, दुपारचं ऊन अजून कडक असतं.

पाहुणे म्हणून गेलात तर "डाएट आहे" म्हणू नका. त्यावर वाद होतो आणि शेवटी खावंच लागतं. "मावशी, आत्ताच खाऊन आले, पण तुमची चकली हवीच आहे, पुडी बांधून द्या" असं म्हटलं तर मावशीलाही बरं वाटतं. आणि यजमान असाल तर भरलेल्या बशा पाहुण्यांच्या हातात देऊ नका. मध्ये वाडगे ठेवा, रिकाम्या बशा द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल. "एक तरी घ्याच" हा आग्रह मधुमेही माणसासाठी प्रेमाचा नाही, हे मी फार मनापासून सांगते.

नेहमीची चूक, आणि सर्वांत धोक्याची : गोड खायला मिळावं म्हणून आधीचं जेवण टाळायचं आणि गोळी मात्र नेहमीसारखी घ्यायची. इन्सुलिन घेणाऱ्यांची, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर यामुळे एकदम उतरू शकते. पूजेचा मुहूर्त लांबला, सगळ्यांसाठी थांबलो, यातूनही हेच होतं. अशा माणसाला वेळेवर जेवायला वाढा, बाकीच्यांची वाट पाहायला लावू नका.

साखर उतरल्यास : हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायला वेळ नसेल, तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. लाडू किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा द्या. बरं वाटल्यावर जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

## टप्पा ७ : फटाके आणि धूर

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीच्या रात्री फटाक्यांसाठी ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. तुमच्या शहराचे यंदाचे नियम स्थानिक पोलीस किंवा महापालिका जाहीर करते, ते बघून घ्या. हरित फटाक्यांची सूत्रं नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केली. त्यांतून धूर कमी निघतो, पण निघतो. दम्याच्या माणसासाठी तेही सुरक्षित नाहीत.

१. संध्याकाळी सातच्या आधी दम्याच्या माणसाच्या खोलीची खिडकी लावा. उघडायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आराम देणारा इन्हेलर खिशात हवा, कपाटात नव्हे.

२. बाहेर जावंच लागलं तर एन९५ मास्क, नाकावर घट्ट. रुमाल किंवा कापडी मास्क बारीक कण अडवत नाही.

३. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं फिरणं बंद. थंड, स्थिर हवेत रात्रीचा धूर खालीच अडकून राहतो.

४. मुलांच्या हातात फुलबाजी असेल तर शेजारी मोठं माणूस आणि पाण्याची बादली. विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली असते, तीवर अनवाणी पाय पडतो. तार थेट बादलीत.

५. न उडालेला फटाका पुन्हा पेटवू नका, वाकून बघू नका. लांबूनच पाणी ओता.

६. कार्बाइडची घरगुती बंदूक (पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाण्याने स्फोट घडवणारी) घरात येऊच देऊ नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अनेक मुलांच्या डोळ्यांना त्यामुळे गंभीर इजा झाली.

भाजल्यास : नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही नको. अंगठी आणि बांगड्या सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल तर थेट रुग्णालय.

डोळ्याला लागल्यास : चोळू नका, दाबू नका, घरातले थेंब घालू नका. फटाक्याची दारू किंवा रसायन गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने लगेच आणि बराच वेळ धुवा. मार लागला असेल तर न दाबता वरून कागदी कप धरा. दोन्ही वेळा त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

## टप्पा ८ : भाऊबिजेचा प्रवास

औषधांची पिशवी हातातल्या पर्समध्ये ठेवा, डिकीत किंवा गाडीच्या टपावर नको. इन्सुलिन उन्हात तापलं किंवा गोठलं की निकामी होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असू द्या. वाटेत खायला दशम्या आणि फळं घ्या, फराळाचा डबा नको. रात्रभर जागून झालेल्या माणसाने पहाटे गाडी चालवायला बसू नये. निघायची वेळ पुढे ढकलली तरी बहीण रागावणार नाही.

## टप्पा ९ : भाऊबिजेनंतरचे आठ दिवस

डबे एकदा उघडून बघा. खवट वास, कडवट चव, बुरशीचा ठिपका, यांतलं काही असेल तर तो डबा रिकामा करा, वरचा थर काढून खालचं वाचवू नका. चांगलं उरलं असेल ते आताच वाटून टाका.

उपवास, फक्त ज्यूस किंवा रेचक घेऊन "पोट साफ" करायच्या मागे लागू नका. नेहमीच्या वेळी नेहमीचं जेवण सुरू करा आणि आठवडाभर बाहेरचं टाळा. आठव्या दिवशी मधुमेहींनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पुन्हा मोजावी, रक्तदाबाच्या रुग्णांनी सकाळ-संध्याकाळ तीन दिवस नोंद ठेवावी. आकडे वाढलेले दिसले तर स्वतःहून गोळी वाढवू नका. टप्पा १ मधले आकडे आणि हे नवे आकडे एकाच कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.